खड्डा बुजवण्याची चाचणी

१

नांदेडला तरोडा नाक्याच्या पुढं बियाणांचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात अश्वजित कामाला होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो दाराचं कुलूप काढायचा, खिडकीतल्या कूलरमध्ये पाणी टाकायचा, पाण्याचा नवा जार स्टँडवर पालथा घालायचा आणि मग कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसून चाचण्या चालू करायचा. पडद्यावर पहिली ओळ उमटायची: चाचणी चालवणारी व्यक्ती, धम्मप्रिया.

धम्मप्रिया ही त्याची मोठी बहीण. मागच्या उन्हाळ्यात ती वारली होती.

नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. पण ज्या बाहेरगावच्या कंपनीसाठी हे काम चालायचं, तिच्याकडून नव्या नावाला परवानगी आणायची म्हणजे महिनोन्महिने पत्रव्यवहार. "चालू हाय न? मग चालू द्या," असं मालक शेषेराव लातूरहून फोनवर म्हणाले, आणि चालू राहिलं. तसंही ऑफिसात सगळेच एकमेकांच्या नावानं आत शिरायचे. पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ. त्यात एक नाव मेलेल्या माणसाचं, एवढंच.

अश्वजितला नोकरीही त्याच नावामुळं मिळाली. सरकारी खात्यात बाप गेला की पोराला अनुकंपेवर घेतात, तसं शेषेरावांनी नववीत शाळा सोडलेल्या, कंधारला मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसणाऱ्या या बुजऱ्या पोराला बहिणीच्या खुर्चीत बसवलं. काम तिनंच त्याला आधी घरी शिकवलं होतं. सुट्टीला आली की ओट्यावर बसून ती सांगायची.

"डीबगर म्हणजे काय, तर चालत्या प्रोग्रामला मधेच थांबवून त्याच्या आत डोकावायचं साधन. आता समज, एक माणूस वाटेनं चाललाय. त्याला ठरल्या जागी थांबवायचंय. मग आपण तिथं खड्डा खणायचा. त्याला म्हणायचं ब्रेकपॉइंट. माणूस खड्ड्यात पाय घालतो न घालतो तोच आपण त्याचा हात धरायचा. विचारपूस करायची. मग खड्डा बुजवायचा अन् म्हणायचं, जा बाबा पुढं."

"अन् बुजवायचा राहिला तर?"

"आपण हात धरून हाव तवर काही होत न्हाई. पण आपण खड्डा तसाच ठेवून निघून गेलो, तर माणूस पुढच्या फेरीला त्याच वाटेनं येणार. तवा हात धरायला कुणीच नसतंय." ती चिमटीत घेऊन शेंगदाण्याचं साल फुंकायची. "मेला मग तो."

२

त्या कंपनीसाठी ऑफिसात जो डीबगर बनत होता, त्यात नेमका हाच दोष होता. काम संपवून तो प्रोग्रामला मोकळं सोडायचा, पण जाताना खड्डे बुजवायचा नाही. हे पकडायला धम्मप्रियानं एक चाचणी लिहिली होती. चाचणीला चालवायला एक नमुन्याचा प्रोग्राम लागतो. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं 'माणूस'. हा माणूस ऑफिसात यायचा. जिना, पाण्याचा जार, केबिनचं दार, खुर्ची. मग पुन्हा जिना. आपल्या डोळ्यासमोर जे होतं तेच तिनं लिहिलं होतं.

चाचणी रोज लाल यायची, म्हणजे नापास. माल पोचवायची वेळ आली तेव्हा टीम लीडर मृत्युंजय तिला म्हणाला, ही चाचणी वगळून टाक, म्हणजे सगळं हिरवं दिसेल. ती नाही म्हणाली आणि मायच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कंधारला निघून गेली. ती मायच्या उशाशी बसली होती त्याच दिवशी इकडं चाचणी वगळली गेली. तिच्या नावानं.

पुढं त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचे चालते प्रोग्राम पटापट मरायला लागले. चौकशी झाली. वगळणाऱ्याच्या जागी नाव धम्मप्रियाचं. मृत्युंजय सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "कॉलेजात सीट मिळाली म्हणून डोकं मिळत नसतं, मॅडम." तिला तिथल्या तिथं घरी पाठवलं.

निघताना तिनं अश्वजितला फोन केला होता. "मी न्हाई केलं रे ते," एवढंच म्हणाली. मग तोंडाला स्कार्फ गुंडाळून, गॉगल लावून, उन्हाचा पांढरा कोट अन् हातमोजे घालून, नांदेडातल्या हजार पोरी निघतात तशी ती स्कूटीवरून निघाली. लोह्याच्या अलीकडं एका हॉटेलवाल्यानं तिला शेवटचं पाहिलं. ती रस्त्याच्या मधोमध थांबली होती. गाडी चालू, एक पाय खाली टेकवलेला, मान समोर. ट्रकवाला हॉर्न वाजवत आला तरी हलली नाही.

गल्लीतले लोक काय म्हणायचं ते म्हणाले. कंपनी बुडवली, म्हणून जीव दिला. आणि माय, नागुबाई, तिनंही ते खरं धरलं. लेकीच्या नावानं झालंय म्हणजे लेकीनंच केलं असेल, यापुढं तिचं डोकं जाईना. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी नवऱ्याचा फोटो होता. लेकीचा मात्र तिनं पेटीत ठेवला. नाव घेणंही सोडलं.

वर्षश्राद्ध म्हणून नाही, पण वर्ष झालं म्हणून अश्वजित घरी गेला, तेव्हा त्यानं तो फोटो मागितला.

"ऱ्हाऊ दे पेटीत," माय म्हणाली. "खोटं काम करून गेली. भिंतीवर लावून काय सांगू लोकायला?"

"माय, ती तुझ्यापाशी व्हती त्या दिवशी."

"मग तिचं नाव कसं आलं तिथं?"

याचं उत्तर एकाच माणसाकडं होतं. आणि अश्वजितला तर त्या माणसासमोर चहा घेता का विचारतानाही घाम फुटायचा.

३

परत आल्यावर सकाळी त्यानं ती वगळलेली चाचणी उघडली. बाकी काही मनात नव्हतं. तिनं जे शेवटी पाहिलं ते त्याला पाहायचं होतं. वगळल्याची खूण काढली आणि चाचणी चालू केली.

एक छोटी खिडकी उघडली. माणूस निघाला. पहिल्याच खड्ड्याशी थांबला: जिना. खाली शब्द आले, 'पुढे' म्हणू का? इतर चाचण्या ठराविक वेळ थांबून आपोआप पुढं सरकायच्या. हिला तिनं वेळेची मर्यादाच ठेवली नव्हती. कुणीतरी 'पुढे' म्हणेपर्यंत ही थांबणार. त्याला जरा नवल वाटलं. तो तिची अक्षरं पाहत बसला.

दाराबाहेर चहावाल्याचा आवाज आला. "सरका न साहेब. ओ साहेब! उतू जाऊन राहिला चहा."

अश्वजितनं वळून पाहिलं. दार उघडं होतं. जिन्याच्या वरच्या पायरीशी मृत्युंजय उभा होता. खांद्याला बॅग, हातात गाडीची किल्ली, एक पाय पायरीवर आणि दुसरा हवेत. फोनवरचं काही आठवत असेल. पण फोन कुठं दिसत नव्हता, आणि हवेतला पाय हलतही नव्हता.

अश्वजितनं पडद्याकडं वळून 'पुढे' दाबलं.

मागं बूट वाजला. "काय रे, ओरडतो कशाला?" मृत्युंजय चहावाल्यावर खेकसला आणि आत आला. चहावाला त्याच्याकडं पाहत राहिला.

थोड्या वेळानं खिडकीत माणूस दुसऱ्या खड्ड्याशी थांबला: पाण्याचा जार. आणि तनुजा, पलीकडच्या टेबलावर बसणारी, हसत ओरडली, "अगाई! नळ बंद करा की सर. दुष्काळातल्या औशाचे असून पाणी सांडून राहिले! आमच्याकडं चार दिवसाला येतंय."

मृत्युंजय जारपाशी वाकला होता. ग्लास भरून वाहत होता, पाणी मनगटावरून बाहीत शिरत होतं, बुटांवर पडत होतं. त्याचे डोळे उघडे होते. पापणी मात्र लवत नव्हती.

अश्वजितनं 'पुढे' दाबलं. मृत्युंजय दचकून मागं सरला आणि आपल्या ओल्या बाहीकडं, कुणा दुसऱ्याची असावी तसा पाहू लागला.

४

माणूस विचारात हरवतो. उभ्या उभ्या तंद्री लागते. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही. अश्वजितनं स्वतःला हे नीट समजावलं. मग त्याला त्याचंच काम आठवलं. एकदा झालं तर तो योगायोग असतो, म्हणूनच तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघायची.

जेवणाच्या सुट्टीत मृत्युंजय केबिनमध्ये शिरला. केबिन काचेची होती. खिडकीतला माणूस खुर्चीच्या खड्ड्याकडं निघाला होता. अश्वजितनं डबा उघडला, पण घास घेतला नाही.

माणूस थांबला: खुर्ची.

काचेपलीकडं मृत्युंजय बसायला वाकला आणि तसाच राहिला. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, खुर्चीच्या वर वीतभर, अधांतरी. त्याचा हात टेबलाला लागलेला नव्हता, कुठंच टेकलेला नव्हता. बसायला जाऊन कुणी असं राहू शकत नाही. मांड्या थरथरायला हव्या होत्या, तोल जायला हवा होता. टायचं टोक तेवढं कूलरच्या वाऱ्यानं हलत होतं.

पायाखाली कुठंतरी खरखर झाली. खाली दुकानात पोती ओढतात, तशी. पहारीनं मुरूम खरवडावा तशीही.

अश्वजितनं 'पुढे' दाबायला हात नेला आणि मध्येच थांबवला. डब्यातली भाकरी मोडली, ठेच्याला लावली, सावकाश चावली. वर्षभरात पहिल्यांदा त्याला जेवणाची चव लागली. सगळी भाकरी संपवून, हात धुऊन आल्यावर त्यानं कळ दाबली.

मृत्युंजय खुर्चीत धपकन बसला आणि मांड्या धरून कण्हला.

५

ती खिडकी त्यानं मग बंदच केली नाही. बाकीच्या चाचण्या रोज चालायच्या, संपायच्या. ही एक चालूच राहायची. मशीन इन्व्हर्टरवर होतं. माणूस जिना चढायचा, पाणी प्यायचा, दार उघडायचा, बसायचा, पुन्हा जिना. अश्वजित ठरवायचा कुठं किती वेळ.

तो मनानं वाईट नव्हता. रस्त्यात कुत्र्याचं पिलू दिसलं तर गाडी वळवून घेणारा. पण मृत्युंजय दारात हात पुढं करून ताटकळला की अश्वजितला पोटात गार वाटायचं. सीट मिळाली म्हणून डोकं मिळत नसतं. हे वाक्य तो मनात म्हणायचा, आणि शेवटचा शब्द होईपर्यंत कळ दाबायचा नाही. पुढं पुढं तो ते सावकाश म्हणू लागला. मग पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरांनी मृत्युंजयच्या मेंदूचा फोटो काढला. काही निघालं नाही. थकवा आहे म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी घ्या म्हणाले.

"करणी केली बघ कुणीतरी," तनुजा कुजबुजली. "सर उभे असतेत न तवा मी जवळ गेले व्हते. श्वासच न्हाई. नाकाखाली बोट धरलं मी."

"फिट असंल," अश्वजित म्हणाला.

"फिटमधी माणूस पडतो, अश्वजितदादा. उभा न्हाई ऱ्हात."

रविवारी त्यानं एकट्यानं येऊन पाहिलं. मृत्युंजय औशाला गेला होता. खालचं दुकान बंद, शटर ओढलेलं, उन्हानं गल्ली पांढरी पडलेली. खिडकीत माणूस जारपाशी थांबलेला होता. जारपाशी कुणी नव्हतं.

आणि तरी खरखर येत होती. दुकानातून नव्हे. जारच्या स्टँडखालून. थोडा वेळ यायची, मग कुणी दम घ्यायला थांबावं तशी थांबायची.

त्यानं स्टँड सरकवून फरशी पाहिली. फरशी धड होती. तिच्यावर तांबूस मातीची बारीक रेघ मात्र होती, कडेकडेनं. आपल्याच चपलेची असेल म्हणून त्यानं ती ओल्या फडक्यानं पुसली. फडकं झटकून वळला तर पुन्हा तेवढीच होती.

६

दुसऱ्या दिवशी मृत्युंजय केबिनच्या दारात थांबला होता. मुठीत कडी, नाक काचेपासून बोटभर. तनुजा बँकेत गेलेली, बाकीचे चहाला खाली. अश्वजित उठला. इतके दिवस त्यानं लांबूनच पाहिलं होतं. आज त्याला त्या तोंडाकडं जवळून पाहायचं होतं.

काच दुपारच्या उजेडानं आरशासारखी झाली होती. तिच्यात मृत्युंजय दिसत होता आणि त्याच्या मागं अश्वजित. आणि दोघांच्या मध्ये, खाली, कुणीतरी उकिडवं बसलेलं.

डोक्याला, तोंडाला गच्च गुंडाळलेला स्कार्फ. काळा गॉगल. उन्हाचा पांढरा कोट, पाठीवर धुळीनं तपकिरी झालेला. ती मृत्युंजयच्या पायाशी वाकून हातमोज्यांनी काहीतरी करत होती. भराभर नाही. जिला घाई नाही, अशी. ओंजळ भरून बाजूला टाकायची, पुन्हा हात खाली घालायची. हात कोपरापर्यंत फरशीत जात होते.

अश्वजितनं काचेवरून नजर काढून खाली पाहिलं. फरशी. मृत्युंजयचे बूट. काही नाही.

पुन्हा काचेत पाहायचं धाडस त्याला झालं नाही. "ताई," असं तो म्हणाला की म्हणाला नाही, हे त्यालाच कळलं नाही. खरखर थांबली. आपलं काम सोडून कुणीतरी मान वर केली आहे, हे मानेच्या मागच्या बाजूला कळतं तसं त्याला कळलं. तो जागेवर पळत आला आणि त्यानं कळ दाबली.

मृत्युंजयनं दार उघडलं. आत गेला नाही. वळून सरळ अश्वजितकडं पाहिलं.

७

"तू करून राहिलास न हे?"

मृत्युंजय त्याच्या टेबलाला टेकून उभा होता. तो प्रमाण भाषेत बोलायचा नेहमी. आज औसा तोंडात आलं होतं. डोळे लाल, ओठ फुटलेले.

"काय सर?"

"मला काही कळत न्हाई असं वाटतं? घड्याळ पुढं गेलेलं असतं. अंग दुखत असतं. अन् शुद्धीवर आलो की दर वेळी तू बघत असतोस. दर वेळी. काय पायजे तुला?"

अश्वजितनं हे वाक्य किती महिने घोळवलं होतं, आणि आता ते भलतंच लहान होऊन बाहेर आलं. "मायला फोन लावतो. तिला सांगा."

"काय सांगू?"

"वगळली कुणी, ते."

मृत्युंजय पडद्याकडं पाहत राहिला. तिथं धम्मप्रियाचं नाव होतं. मग त्यानं हात पुढं केला. अश्वजितनं फोन लावून दिला आणि आवाज मोठा ठेवला.

"नागुबाई, मी ऑफिसातून बोलतो. ते तुमच्या मुलीनं नव्हतं केलं. मी केलं. तिचा पासवर्ड मला माहीत होता. ती तर नाही म्हणाली होती." मग म्हणाला, "चूक झाली माझी. माफ करा."

पलीकडं शेळी ओरडली. मग मायचा आवाज आला, अगदी साधा.

"मला सांगून काय व्हतंय साहेब. तिला सांगा."

फोन बंद झाला.

मृत्युंजयनं कपाळ पुसलं. "झालं? आता सोड मला."

आणि अश्वजितनं खरंच सोडायचं ठरवलं. जे हवं होतं ते मिळालं होतं. मघाशी काचेत जे दिसलं ते त्याला पुन्हा पाहायचं नव्हतं. खिडकीच्या तळाला एक पर्याय होता, इतक्या दिवसांत कधी न वापरलेला: मोकळं सोडा. त्यानं तो दाबला.

८

खिडकी मिटली. तिच्या जागी निकाल आला. लाल.

'डीबगर निघून गेला. खड्डे बुजलेले नाहीत. जिना. जार. दार. खुर्ची.'

अश्वजितनं तो एकदा वाचला आणि पुन्हा वाचला. चाचणी कशाची होती हे तो विसरलाच होता. इतके दिवस आपण या माणसाला छळतो आहोत असं त्याला वाटत होतं. पण इतके दिवस त्याचा हात धरलेला होता. खड्ड्याशी आला की धरला जायचा, आणि पुन्हा पुढं सोडला जायचा. आता कुणी धरलेलं नव्हतं. दोष तोच होता, ज्याच्यावर या माणसानं पांघरूण घातलं होतं.

"सर," तो म्हणाला. "सर, एक मिनिट—"

मृत्युंजय टेबलापासून दूर झाला होता. अंग ताणलं, मान मोडली. तोंडावर रंग परत येत होता. निकालाकडं त्याचं लक्ष गेलं.

"परत लाल का? हे बघ, ती चाचणी वगळून टाक आधी. उद्या माल पोचवायचाय." तो पुन्हा प्रमाण भाषेत बोलू लागला होता. "तिच्याच नावानं कर. तुझं नाव आलं तर उगाच नवीन चौकशी नको."

अश्वजितचं तोंड उघडं होतं. त्यानं ते मिटलं.

"ऐकलंस ना?"

"हाव सर."

"शहाणा आहेस." मृत्युंजयनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "घसा सुकलाय रे," असं म्हणत तो जारकडं निघाला.

बूट वाजत गेले. हाक मारायला पुरेल एवढं अंतर होतं. खोलीत कूलरचा आवाज होता, आणि त्याच्याखाली कसलाच आवाज नव्हता. खरखर थांबलेली होती. काम पुरं झाल्यासारखी. अश्वजितनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावरच्या लाल अक्षरांकडं पाहत राहिला.

बूट थांबले. ग्लास पडून फुटला. मग जे वाजलं ते माणूस फरशीवर पडल्यासारखं नव्हतं. फार खोल होतं ते. नुकती जिना चढून आलेली तनुजा किंचाळली. खालून लोक धावत आले, कुणी गाडी काढा म्हणालं, कुणी पाणी म्हणालं, कुणी म्हणालं पाण्यानं आता काय होणार.

अश्वजित वळला नाही. पडदा मध्येच काळा झाला होता, आणि त्या काळ्या काचेत त्याला मागची गर्दी दिसत होती. सगळे खाली वाकलेले. एकजण तेवढी सरळ उभी होती. ती हातमोजे काढत होती, एकेक बोट ओढून. मग तिनं ते झटकले. गर्दीतून वाट काढत ती इकडं येऊ लागली. कुणी तिला वाट दिली नाही, आणि तिला ती लागलीही नाही.

पडद्याच्या कडेबाहेर ती गेली, आणि दिसेनाशी झाली.

त्याला नीट आठवायचं होतं. तिनं प्रोग्रामला नाव काय दिलं होतं? कुणाचं तरी नाव दिलं होतं का? नव्हतं. नुसतं माणूस. जो कुणी जिना चढेल, पाणी पिईल, खुर्चीत बसेल तो.

खुर्चीत.

फोन वाजला. माय होती.

"आश्या, धम्माचा फोटू लावला बघ भिंतीला," ती म्हणाली. तिनं ते नाव वर्षानं घेतलं होतं. रडत होती, पण आवाजात सुख होतं. "तुझ्या बापाच्या शेजारी. शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या. मी समद्यायला सांगितलं, माझी लेक खोटी नव्हती म्हणून. तू बी ये बाळा आज. लगेच नीघ. येतोस न?"

टेबलाखाली, त्याच्या पायांच्या अगदी जवळ, कुणीतरी फरशी खरवडायला सुरुवात केली होती. सावकाश. घाई नसल्यासारखी.

"येतो माय," अश्वजित म्हणाला. त्यानं दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले, आणि तो तसाच बसून राहिला.